पायथनमध्ये रँडम तारखा आणि वेळा: आधी एकच आकडा काढा, तारीख नंतर

नवीन टेबल तयार झालं की त्यात भरायला दहा-वीस हजार ओळींचा खोटा डेटा लागतो. नावं आणि रकमा पटकन जमतात, अडतं ते तारखांपाशी. पहिला प्रयत्न बहुतेकांचा ठरलेला असतो: वर्षासाठी एक रँडम आकडा, महिन्यासाठी १ ते १२ मधला एक, दिवसासाठी १ ते ३१ मधला एक, आणि तिन्ही जोडून तारीख. थोड्या ओळी बिनतक्रार जातात, मग कधीतरी ३१ जून निघतो आणि पायथन व्हॅल्यूएरर देऊन थांबतो. साध्या वर्षात १२ गुणिले ३१ म्हणजे ३७२ जोड्या होतात आणि त्यांतल्या ७ कॅलेंडरवर नसतातच. म्हणजे सरासरी दर ५३ तारखांमागे एक एरर.

यावर केलेली डागडुजी मूळ चुकीपेक्षा वाईट असते. 'दिवस १ ते २८ मधलाच घ्या' असं केलं की एरर थांबतो, पण साध्या वर्षातले २९ दिवस कायमचे गायब होतात. २९ फेब्रुवारी नाही, ३१ मार्च नाही, ३१ डिसेंबर नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर मोडतं ते नेमकं याच तारखांना. कॅलेंडर मॉड्यूलमधलं मंथरेंज वापरून त्या महिन्याचे खरे दिवस विचारले तर तारखा बरोबर येतात, तरी समान वाटप होत नाही. प्रत्येक महिन्याला सारखी संधी दिल्यामुळे फेब्रुवारीतल्या एका दिवसाची शक्यता ३३६ मध्ये १ होते आणि जानेवारीतल्या दिवसाची ३७२ मध्ये १. फेब्रुवारीतला दिवस जानेवारीतल्या दिवसापेक्षा जवळपास ११ टक्के जास्त वेळा येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून तारीख तुकड्यांतून जोडायची नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे दिवस (किंवा सेकंद) मोजायचे, त्यातला एक आकडा रँडम काढायचा आणि तो सुरुवातीत मिळवायचा. महिने किती दिवसांचे आणि लीप वर्ष कोणतं, हे डेटटाइम मॉड्यूलला पाठ आहे. १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल, हे सगळं ते सांभाळतं.

पुढची उदाहरणं पायथन ३.९ किंवा नंतरच्या आवृत्तीसाठी आहेत. फंक्शनची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच आणि आकडेही इंग्रजीच टाइप करायचे. डेटटाइम मॉड्यूलमधून डेट, डेटटाइम, टाइमडेल्टा (दोन वेळांमधलं अंतर) आणि टाइमझोन इंपोर्ट करा, झोनइन्फो मॉड्यूलमधून झोनइन्फो हा क्लास आणि सोबत रँडम मॉड्यूल.

नुसती तारीख

आर्थिक वर्ष २०२४-२५ मधली एक तारीख हवी आहे असं धरू.

    रँ = रँडम.रँडम(७)
    सुरुवात = डेट(२०२४, ४, १)
    शेवट = डेट(२०२५, ३, ३१)
    दिवस = (शेवट - सुरुवात).डेज
    तारीख = सुरुवात + टाइमडेल्टा(डेज=रँ.रँडरेंज(दिवस + १))

पहिल्या ओळीतला दुसरा 'रँडम' म्हणजे मॉड्यूलमधला क्लास, त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. कंसातला ७ म्हणजे सीड, रँडम मालिका जिथून सुरू होते तो आकडा. तोच सीड दिला की तीच मालिका येते. त्याबद्दल पुढे येईलच.

इथला 'अधिक १' विसरू नका. १ एप्रिल ते ३१ मार्च यांची वजाबाकी ३६४ येते, पण दिवस ३६५ आहेत. रँडरेंज हे फंक्शन वरची मर्यादा कधीच देत नाही, त्यामुळे 'अधिक १' नसेल तर ३१ मार्च २०२५ कधीही निघणार नाही. रँडइंट मात्र दोन्ही टोकं धरतं, म्हणून तिथे शून्य आणि दिवस एवढंच द्यायचं. एकाच प्रोजेक्टमध्ये ही दोन्ही फंक्शनं मिसळून वापरली की एका दिवसाचा घोळ हमखास होतो. एक ठरवा आणि तेच वापरा.

तारीख आणि वेळ

इथे शेवटचं टोक वेगळ्या पद्धतीने धरलेलं बरं. '३१ मार्च, २३:५९:५९' असा शेवट लिहिण्याची सवय अनेकांना असते. मग शेवटचा सेकंद येतो का, त्या सेकंदातले मायक्रोसेकंद येतात का, यावर वाद सुरू होतात. त्याऐवजी शेवट म्हणून १ एप्रिल २०२५, ००:०० लिहा आणि तो क्षण वगळलेला आहे असं माना. आता 'अधिक १' ची गरजच उरत नाही.

    सुरुवात = डेटटाइम(२०२४, ४, १, टीझेडइन्फो=टाइमझोन.यूटीसी)
    शेवट = डेटटाइम(२०२५, ४, १, टीझेडइन्फो=टाइमझोन.यूटीसी)
    एकक = टाइमडेल्टा(सेकंड्स=१)
    किती = (शेवट - सुरुवात) // एकक
    क्षण = सुरुवात + रँ.रँडरेंज(किती) * एकक

'किती' इथे ३,१५,३६,००० येतो. या चार-पाच ओळींचा खरा फायदा 'एकक' मध्ये आहे. दवाखान्याच्या अपॉइंटमेंट पंधरा-पंधरा मिनिटांच्या असतील तर एकक पंधरा मिनिटांचं करा. दिवसाच्या ९६ जागांपैकीच एक निघेल आणि १०:०७ सारखी हास्यास्पद वेळ येणार नाही. लॉगसाठी एक मायक्रोसेकंद ठेवा. बाकी कोडला हात लावायचा नाही. दोन टाइमडेल्टांचा पूर्णांक भागाकार पूर्णांकच देतो, त्यामुळे दशांशाची भानगडही येत नाही.

टाइमडेल्टाचा 'सेकंड्स' हा गुणधर्म मात्र फसवा आहे. तो एकूण सेकंद देत नाही; पूर्ण दिवस बाजूला काढल्यावर उरलेले सेकंद देतो. एक दिवस दोन तासांच्या फरकासाठी त्यातून ७,२०० मिळतात, ९३,६०० नाही. बरोबर एका वर्षाच्या फरकासाठी तर शून्य, आणि रँडरेंजला शून्य दिलं की रिकाम्या रेंजचा व्हॅल्यूएरर. वर्षाचा एरर परवडला, कारण तो दिसतो. एक दिवस दोन तासांची चूक दिसतच नाही, सगळ्या वेळा पहिल्या दोन तासांत गोळा होतात. एकूण सेकंद हवेत तर टोटल_सेकंड्स हे फंक्शन, किंवा वरचा भागाकार.

फक्त घड्याळातली वेळ हवी असेल तर टाइम या क्लासच्या वस्तू एकमेकांतून वजा करता येत नाहीत, टाइपएरर येतो. मध्यरात्रीपासूनची मिनिटं मोजा. रात्रपाळी २२:०० ते ०६:०० असेल तर सुरुवात १,३२० व्या मिनिटाला, लांबी ४८० मिनिटं. ० ते ४७९ मधला आकडा काढून १,३२० मध्ये मिळवा आणि १,४४० ने भागून बाकी घ्या. भागाकार १ आला तर ती वेळ दुसऱ्या तारखेची आहे, तेव्हा तारीखही एकाने पुढे न्या. हे राहिलं की पहाटे चार वाजताचा पंच आदल्या दिवशीच्या पहाटेला चिकटतो आणि कर्मचारी कामावर यायच्या आधीच घरी गेलेला दिसतो.

टाइमझोन: इथे वेळ द्या

वर यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) उगाच लिहिलेलं नाही. टीझेडइन्फो न दिलेला डेटटाइम म्हणजे नुसता घड्याळातला आकडा; तो कुठल्या गावचा हे त्याला माहीत नसतं. त्यावर टाइमस्टँप हे १९७० पासूनचे सेकंद देणारं फंक्शन चालवलं तर पायथन कोड चालणाऱ्या मशीनचा टाइमझोन गृहीत धरतो. तुमच्या लॅपटॉपवर भारतीय वेळ, सर्व्हरवर बहुधा यूटीसी. एकच कोड आणि निकालात साडेपाच तासांचा फरक.

साडेपाच तास म्हणजे दिवसाचे २२.९ टक्के. दिवसभर सारख्या पसरलेल्या वेळा काढल्या तर जवळपास पावभाग नोंदी भारतीय वेळेनुसार एका तारखेत आणि यूटीसीनुसार आदल्या तारखेत पडतात. रोजच्या विक्रीचा रिपोर्ट तपासायला हा डेटा उत्तम, पण तो जाणूनबुजून केलेला असला पाहिजे. 'भारतातला १ एप्रिल' हवा असेल तर सुरुवात झोनइन्फोला 'एशिया/कोलकाता' देऊन लिहा आणि लगेच अ‍ॅसटाइमझोनने यूटीसीत न्या. ती ३१ मार्च १८:३० होईल. मग त्या रेंजमधून आकडा काढा. विंडोजवर झोनइन्फोला स्वतःचा टाइमझोन डेटा मिळत नाही, तिथे टीझेडडेटा हे पॅकेज पिपने बसवावं लागतं.

जुन्या प्रोजेक्टमध्ये पायटीझेड ही लायब्ररी असेल तर सावध राहा. तिचा कोलकाता झोन थेट टीझेडइन्फो म्हणून दिला की ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) ५:३० ऐवजी ५:५३ येतो. ही कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. झोनच्या इतिहासातली पहिली नोंद तीच असल्यामुळे पायटीझेड ती उचलते. सकाळी १०:०० ची नोंद यूटीसीत ०४:०७ म्हणून जाते आणि परत भारतीय वेळेत आणली की ०९:३७ दिसते. डेटामध्ये २३ मिनिटांची गूढ चूक दिसली की आधी इथेच बघा. पायटीझेडमध्ये लोकलाइझ हे फंक्शन वापरायचं असतं. झोनइन्फोला ही अडचण नाही.

भारतात आज घड्याळं पुढेमागे होत नाहीत, त्यामुळे साडेपाच तासांचा पक्का ऑफसेट चालून जातो. (दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतीय वेळ यूटीसीपेक्षा साडेसहा तास पुढे होती. झोनइन्फोला ते माहीत आहे, पक्क्या ऑफसेटला नाही. तेव्हाच्या वेळा तयार करणारे फार थोडे, पण असतात.) पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकासाठी काम करणाऱ्यांना मात्र ही चैन नाही. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ ला रात्री दोन वाजता घड्याळ थेट तीनवर गेलं. त्या दिवशी ०२:३० वाजलेच नाहीत. ३ नोव्हेंबर २०२४ ला ०१:३० दोनदा वाजले.

पायथन अशी न वाजलेली वेळ तयार करायला नकार देत नाही, आणि एकाच झोनमधल्या दोन डेटटाइमची बेरीज-वजाबाकी करताना घड्याळाच्या या उड्या विचारातच घेत नाही. न्यूयॉर्क झोनमध्ये १० मार्चची मध्यरात्र ११ मार्चच्या मध्यरात्रीतून वजा करा, उत्तर २४ तास येईल. प्रत्यक्षात तो दिवस २३ तासांचा होता. त्यामुळे क्रम पक्का ठेवा: दोन्ही टोकं यूटीसीत न्या, वजाबाकी आणि रँडम बेरीज यूटीसीतच करा, आणि शेवटी स्थानिक झोनमध्ये बदला. अशाने न वाजलेली वेळ निघूच शकत नाही, आणि दोनदा वाजलेल्या वेळेपैकी पहिली की दुसरी हे फोल्ड या गुणधर्मात आपोआप नोंदवलं जातं. हाती आलेली एखादी स्थानिक वेळ खरी आहे का हे बघायचं असेल तर ती यूटीसीत नेऊन परत आणा. वेगळी आली तर ती त्या दिवशी वाजलीच नव्हती.

जन्मतारखेला टाइमझोन नसतो. ती डेट म्हणूनच तयार करा आणि डेटाबेसमध्येही डेट म्हणूनच ठेवा. भारतीय मध्यरात्रीचा डेटटाइम बनवून यूटीसीत साठवला की १५ जूनला जन्मलेला माणूस १४ जूनचा होतो.

वयावरून जन्मतारीख

पूर्ण झालेलं वय १८ ते ६० हवं आणि संदर्भ दिनांक ३० जून २०२४ आहे. सर्वांत अलीकडची जन्मतारीख ३० जून २००६. सर्वांत जुनी मात्र ३० जून १९६४ नाही. तो माणूस त्या दिवशी नुकता साठीचा झाला, एकसष्टाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत तो साठचाच राहतो. म्हणून जुनं टोक १ जुलै १९६३. वरच्या पद्धतीने या दोन तारखांमधला एक दिवस काढा. वयाच्या वर्षांना ३६५ ने गुणून दिवस काढू नका, लीप वर्षांमुळे साठ वर्षांत पंधराएक दिवसांची तूट येते. रिप्लेस वापरून वर्ष बदलणं ठीक, पण संदर्भ दिनांक २९ फेब्रुवारी असेल आणि लक्ष्य वर्ष लीप नसेल तर व्हॅल्यूएरर येतो. तो पकडून २८ फेब्रुवारी धरायचा की १ मार्च, हे तुमच्या नियमाप्रमाणे आधीच ठरवा.

महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांचा खराखुरा वाटेल असा डेटा हवा असेल तर १ जूनला मुद्दाम जास्त वजन द्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय बसावं म्हणून लिहिलेली ती तारीख गावोगावच्या दाखल्यांवर आहे. 'एकाच जन्मतारखेचे इतके लोक म्हणजे डुप्लिकेट नोंदी' असं धरणारा कोड अशा डेटावर लगेच उघडा पडतो.

कामाचे दिवस, कामाचे तास

सगळे दिवस सारखे नसतात. बँकेच्या शाखेतले व्यवहार हवेत तर रविवार नको, दुसरा-चौथा शनिवार नको (१ सप्टेंबर २०१५ पासून बँका त्या दिवशी बंद असतात), सुट्ट्या नकोत. दोन मार्ग आहेत. एक, तारीख काढा, चालत नसेल तर फेकून पुन्हा काढा. दोन, चालणाऱ्या दिवसांची यादी आधी बनवा आणि चॉइसने त्यातला एक उचला. वर्ष-दोन वर्षांच्या रेंजसाठी दुसरा मार्ग सरस. यादी छोटी असते आणि डोळ्यांनी तपासता येते. 'सुट्टीचा दिवस निघाला तर पुढचा कामाचा दिवस घ्या' हा तिसरा मार्ग सुचतो, तो टाळा. रविवारचा सगळा भार सोमवारवर पडतो आणि सोमवार दुप्पट दिसू लागतो.

वीकडे हे फंक्शन सोमवारला ० आणि रविवारला ६ देतं. आयसोवीकडे सोमवारला १ पासून मोजतं. महिन्यातला कितवा शनिवार हे काढायला दिवसातून १ वजा करून ७ ने पूर्णांक भागा: उत्तर १ आलं तर दुसरा, ३ आलं तर चौथा. २०२४-२५ साठी ३६५ मधून ५२ रविवार आणि २४ शनिवार गेले की २८९ दिवस उरतात. यादी केल्यावर एवढे आले नाहीत तर अट चुकली आहे. मग सुट्ट्या वगळा. त्या सेटमध्ये ठेवा आणि 'या सेटमध्ये नसेल तरच' अशी अट लिहा. २८९ मधून सुट्ट्यांची संख्या नुसती वजा करू नका, कारण २६ जानेवारी २०२५ रविवारीच होता.

सणांच्या तारखा साध्या सूत्रातून काढायच्या भानगडीत पडू नका, हाताने यादी भरा. २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात गुढीपाडवा दोनदा आला: ९ एप्रिल २०२४ आणि ३० मार्च २०२५. 'दर वर्षी एक पाडवा' असं गृहीत धरणाऱ्या कोडसाठी हे वर्ष सुंदर टेस्ट आहे.

तासांसाठी चॉइसेस या फंक्शनला ० ते २३ ची रेंज आणि २४ वजनांची यादी द्या. घरपोच जेवणाच्या अ‍ॅपसाठी पहाटेच्या तासांना १, दुपारी १२ ते २ ला ८, संध्याकाळी ७ ते १० ला १० अशी वजनं पुरेशी खरी वाटतात. तास मिळाला की त्यात ० ते ३,५९९ मधले सेकंद मिळवा. चॉइसेस नेहमी यादी परत देतं, एकच हवा असला तरी. शून्यावा घटक उचलायला विसरू नका. ही वजनं भारतीय घड्याळाची आहेत, म्हणून इथे मात्र आधी स्थानिक वेळ बनवून मग यूटीसीत न्यायची. भारतासाठी यात धोका नाही. न्यूयॉर्कसाठी वर सांगितलेली जाऊन-येऊन तपासणी लावा.

जोडीच्या तारखा

ऑर्डरची तारीख आणि पोचवल्याची तारीख अशा जोड्या बनवताना दोन स्वतंत्र तारखा काढून लहान-मोठी लावणं हा सर्रास दिसणारा प्रकार. तारखांचा क्रम चुकत नाही, पण एका वर्षाच्या रेंजमध्ये अशा दोन तारखांमधलं सरासरी अंतर रेंजच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १२२ दिवस येतं. चार महिन्यांनी पार्सल! पहिली तारीख रेंजमधून काढा आणि दुसरी तिच्यात १ ते ७ दिवस मिळवून. शेवटच्या आठवड्यातल्या ऑर्डर रेंजच्या बाहेर पोचतील. ते खऱ्या आयुष्यातही होतं, त्यामुळे त्या कापू नका.

एकामागून एक येणाऱ्या लॉगच्या ओळी हव्या असतील तर एक्स्पोव्हेरिएट हे रँडम अंतरं देणारं फंक्शन वापरा. सरासरी ४० सेकंदांचं अंतर हवं तर त्याला १/४० द्या, ४० नाही. इथे हमखास उलटं होतं आणि एका सेकंदात चाळीसेक ओळी येतात. प्रत्येक नवं अंतर मागच्या वेळेत मिळवत जा.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा

वर्षभरातून फक्त २३ तारखा काढल्या तरी त्यात किमान दोन सारख्या असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. सेकंदांपर्यंत गेलं तरी सुटका नाही: एका दिवसाचे ८६,४०० सेकंद, आणि साधारण साडेतीनशे वेळा काढल्या की टक्कर होण्याची शक्यता निम्मी. म्हणून टाइमस्टँपवर युनिक अट असलेल्या टेबलात इन्सर्ट अधूनमधून फुटतो. वेगवेगळ्याच वेळा हव्यात तर सँपल या फंक्शनला रेंज द्या आणि किती आकडे हवेत ते सांगा. ते आकडे पुन्हा येत नाहीत, आणि रेंज तीन कोटींची असली तरी पूर्ण यादी मेमरीत बनत नाही. रेंजपेक्षा जास्त मागितले तर एरर येतो, आणि तो योग्यच आहे.

डेटाबेसमध्ये जाताना

मायएसक्यूएलचा टाइमस्टँप प्रकार १९७० ते १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७ एवढ्याच रेंजचा आहे. कर्जाची शेवटची तारीख २०४५ निघाली तर ती त्यात बसणार नाही. डेटटाइम कॉलम घ्या. त्याच डेटाबेसमध्ये मायक्रोसेकंद न ठेवणाऱ्या कॉलममध्ये अपूर्णांक सेकंद घातले की ते कापले जात नाहीत, जवळच्या सेकंदाला नेले जातात. ३१ डिसेंबर २०२४, २३:५९:५९.७ ही नोंद १ जानेवारी २०२५ ची होते. कॉलम सेकंदाचा असेल तर एककही सेकंदाचंच ठेवा. पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीत नॅनोसेकंदांच्या तारखा १६७७ ते २२६२ याच्या बाहेर जात नाहीत.

सीएसव्ही लिहिताना आयसोफॉरमॅट (वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिणारं) वापरा. दिवस/महिना/वर्ष असं लिहिलं आणि वाचणाऱ्याने महिना/दिवस समजलं तर १२ तारखेनंतरच्या नोंदी निदान एरर देतात. वर्षातल्या १३२ तारखा मात्र मुकाट्याने उलटतात: ५ ऑगस्टचा ८ मे होतो.

१९७० आधीचे क्षण सेकंदांच्या आकड्यावरून बनवायचे असतील तर फ्रॉमटाइमस्टँप टाळा. ऋण आकड्यांवर ते विंडोजवर अडकू शकतं. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी डेटटाइममध्ये टाइमडेल्टा मिळवणं सगळीकडे चालतं. लाखो ओळी हव्यात तर नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या डिफॉल्ट_आरएनजीमधून इंटिजर्सचा अ‍ॅरे काढा, तो टाइमडेल्टा६४ मध्ये बदला आणि डेटटाइम६४ मध्ये मिळवा. पद्धत तीच, फक्त लूप नाही. डेटटाइम६४ ला टाइमझोन कळत नाही, तो यूटीसीच समजा.

सीड आणि तपासणी

टेस्ट आज पास आणि उद्या फेल होऊ नये म्हणून सीड दिलेला स्वतंत्र जनरेटर वापरा, मॉड्यूलचा सामायिक नको. दुसऱ्या कुठल्या कोडने मध्ये एक आकडा काढला की तुमची सगळी मालिका सरकते. सीड देऊनही रोज वेगळा डेटा येत असेल तर कारण बहुधा रेंजमध्ये असतं: शेवट म्हणून टुडे लिहिलेलं असतं, आणि रोज रेंज एका दिवसाने वाढते. खोटा डेटा बनवणाऱ्या फेकर लायब्ररीच्या डेट_बिटवीनचा डिफॉल्ट शेवटही आजचाच. टेस्टमध्ये संदर्भ दिनांक नेहमी हाताने लिहा. सीड दर वेळी बदलायचा असेल तर तो लॉगमध्ये छापा, नाहीतर फेल झालेली टेस्ट पुन्हा घडवता येणार नाही.

तयार डेटाची किमान आणि कमाल तारीख बघा, आणि महिन्यानुसार संख्या मोजा. २०२४-२५ मधून १०,००० तारखा काढल्यास फेब्रुवारीत साधारण ७६७ आणि मार्चमध्ये ८४९ यायला हव्यात. पन्नासेक इकडेतिकडे चालतील. प्रत्येक महिन्यात ८३३ च्या आसपास दिसले तर कुणीतरी महिना वेगळा काढतंय.

कडेच्या तारखा मात्र नशिबावर सोडू नका. चार वर्षांच्या १,४६१ दिवसांतून १,००० तारखा काढल्या तरी २९ फेब्रुवारी एकदाही न येण्याची शक्यता निम्मी आहे. २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, १ एप्रिल, ३१ डिसेंबर आणि भारतीय वेळेच्या मध्यरात्री-पहाटेचे एक-दोन क्षण हाताने यादीत घाला, बाकीची यादी रँडम भरा.

हे सगळं टेस्ट डेटासाठी. सोडतीची तारीख किंवा अचानक तपासणीची वेळ असं काही काढायचं असेल, जे आधी ओळखता आलं तर कुणाचा तरी फायदा होईल, तर रँडम मॉड्यूल नको. त्याच्या मागचा मर्सेन ट्विस्टर ३२ बिटांचे ६२४ आकडे पाहून पुढचे सगळे सांगता येतील असा आहे. तिथे सीक्रेट्स मॉड्यूलचं रँडबिलो वापरा: रँडरेंजच्या जागी तेच, कंसात तोच 'किती', आणि सीड अर्थातच नाही.